श्वानाच्या पानात हळद

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर ज्ञानेश्वरी झाली, नाट्यसंगीत झाले, शिवकालीन दुर्गही झाले. त्या पंक्तीत कुत्र्याच्या जेवणाने येऊन बसावे, हे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु कार्यकारिणीने आम्हांस विषय निवडण्यास सांगितले, तेव्हा आम्ही एक साधा हिशेब केला. पशुवैद्यकाचा व्यवसाय करीत असताना आपल्या मंडळातील कुटुंबांनी आम्हांस जो प्रश्न सर्वांत अधिक वेळा विचारला, तो हाच : "डॉक्टर, याला जेवणात थोडी हळद घातली तर चालेल ना? नैसर्गिकच आहे!" प्रश्न दोन ओळींचा, पण त्याचे उत्तर दाराशी उभ्या उभ्या देता येत नाही. आज मात्र आपण सारे बसलेले आहात आणि चहास अद्याप अवकाश आहे.

या प्रश्नामागे एक व्यथा आहे, ती प्रथम सांगितली पाहिजे. मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी दूर गेली, आपण दोघेच या कोइमतुरात उरलो आणि घरातले तिसरे माणूस म्हणजे तो बारा वर्षांचा श्वान, अशी कितीतरी घरे आपल्यात आहेत. तो सकाळी उठताना कण्हतो, जिन्याशी येऊन थबकतो, गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय पसरतात. मग गावाकडून फोनवर कोणी सांगते, "हळद दे." सांगणाऱ्याची माया खरी असते आणि देणाऱ्याचीही. प्रश्न इतकाच की, त्या मायेचा उपयोग त्या मुक्या जिवाला कितपत होतो.

हळद आणि श्वान यांची गाठ मराठी माणसास नवी नाही. जेजुरीच्या गडावर ज्या खंडेरायावर भंडारा उधळला जातो, त्याच्या घोड्याबरोबर श्वान असतोच. भंडारा म्हणजे हळदच. स्वतःस देवाचा श्वान मानून कोटंब्यातून प्रसाद घेणारा वाघ्या आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोळी पाहिलेला असेल. दत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान आहेत. आपण ज्या प्रांतात राहतो तेथील शिवमंदिरांतही भैरवाचे वाहन श्वानच आहे. सारांश, श्वानास हळद लागणे आपल्या मनास विपरीत वाटत नाही. उलट त्यात एक पावित्र्य वाटते, आणि पावित्र्य आले की माणूस प्रश्न विचारीनासा होतो.

आपल्या मंडळाचा तर हळदीशी दुहेरी संबंध आहे. आपल्यातील अनेक कुटुंबे सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतून गलाईच्या व्यवसायासाठी देशभर पांगली. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या त्या कसबाने ती या सोनारांच्या नगरीत स्थिरावली. जी सांगली त्यांनी मागे सोडली, ती हळदीची मोठी पेठ. हरिपूरच्या पेवांत, जमिनीखालच्या त्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षे साठवीत. आणि येथे आले, तर शेजारी इरोड, तीही हळदीचीच पेठ. सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि इरोडच्या हळदीस २०१९ साली. तेव्हा हळदीविषयी दोन शब्द ऐकण्यास आपल्याइतका अधिकारी श्रोतृवर्ग आम्हांस अन्यत्र मिळाला नसता. गलाईवाल्यांना आणखी एक गोष्ट शिकवावी लागत नाही : पिवळे दिसते ते सारे सोने नसते, आणि सोने असले तरी ते किती कसाचे, हे पाहावे लागते. हळदीचाही कस आज तसाच पाहू.

हळदीचा अभिमान वाटावा असा एक प्रसंग अलीकडच्या इतिहासात घडला. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोघा संशोधकांना, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. आपल्या आजीबाईचा बटवा परक्याच्या मालकीचा झाला! भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा परिषदेचे महासंचालक होते. हे ज्ञान नवे नाही, हे जुन्या ग्रंथांतील आणि नियतकालिकांतील लेखी आधारांनी सिद्ध करण्यात आले, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. या विजयाचे स्वरूप मात्र नीट ध्यानात घ्यावे. 'हे आम्हांस आधीपासून ठाऊक होते' एवढेच तेथे सिद्ध झाले. हळद प्रत्येक रोगावर गुणकारी आहे, असा निवाडा कोणी दिलेला नाही. आणि तो विजय भावनेने मिळालेला नसून कागदावरच्या पुराव्याने मिळालेला आहे. पुराव्याची तीच शिस्त आता आपल्या घरच्या श्वानापुरती लावू.

हळदीतील ज्या द्रव्याचा एवढा गाजावाजा आहे, त्याचे नाव कुर्कुमिन. हळदीचा पिवळेपणा मुख्यतः त्याचाच. प्रयोगशाळेतील काचपात्रात ते दाह घडविणाऱ्या अनेक क्रियांना आवर घालते, यात संशय नाही. सांधेदुखी हा दाहाचाच एक प्रकार, म्हणून आशा निर्माण झाली. परंतु काचपात्र आणि शरीर यांत मोठे अंतर आहे. कुर्कुमिन पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून फारच थोडे आत शिरते, आणि जे शिरते त्याचे आतड्याची भिंत व यकृत मिळून झटपट रूपांतर करून त्यास बाहेरची वाट दाखवितात. दारी आलेला पाहुणा ओसरीवरूनच परत जावा, तशी त्याची गत होते.

यावर उपाय शोधण्याचे श्रेय आपल्या शेजारच्या बंगळूरकडे जाते. तेथील सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातील संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले की, माणसास दोन ग्रॅम कुर्कुमिनबरोबर मिऱ्यातील पायपरिन हे द्रव्य अवघे वीस मिलिग्रॅम दिले असता रक्तात पोहोचणारे कुर्कुमिन सुमारे वीस पटींनी वाढते. 'हळदीबरोबर मिरी' हा मंत्र जगभर पसरला तो येथून. पण त्याच संशोधनातील दुसरा आकडा सांगण्याचे सारे विसरतात. उंदरांत तीच वाढ वीसपट नव्हती. ती दीडशे टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जेमतेम अडीचपट होती. माणूस आणि उंदीर यांत जर एवढा फरक पडतो, तर माणसाचा आकडा उचलून श्वानास लावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आता स्वयंपाकघरातील गणित करू. चांगल्या हळदपुडीत कुर्कुमिनचे प्रमाण साधारण शेकडा तीन असते. वीस किलो वजनाच्या श्वानास आपण अर्धा लहान चमचा, म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास हळद घातली, तर त्याच्या पोटात कुर्कुमिन गेले पंचेचाळीस मिलिग्रॅम. बंगळूरच्या प्रयोगात माणसास दिले होते दोन हजार मिलिग्रॅम. तेवढे कुर्कुमिन नुसत्या हळदीतून मिळवायचे, तर पासष्ट ग्रॅमहून अधिक पूड खावी लागेल. ती कोणी खाणार नाही आणि कोणास खाऊ घालूही नये. म्हणूनच 'हळदीचे गुण' म्हणून जे छापून येते, ते पुष्कळदा अर्काचे गुण असतात. पानातल्या चिमूटभर हळदीचे नव्हेत.

बरे, अर्काचा तरी श्वानांवर काय परिणाम दिसला? सांध्यांच्या जीर्ण विकाराने लंगडणाऱ्या श्वानांवर हळदीच्या जातीच्या वनस्पतींचा अर्क योजून केलेली एक काटेकोर चाचणी २००३ साली 'व्हेटर्नरी रेकॉर्ड' या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाली. काही श्वानांना अर्क, काहींना निरुपद्रवी बनावट औषध, आणि कोणास काय दिले हे मालकासही ठाऊक नाही व डॉक्टरासही नाही, अशी तिची रचना होती. श्वान दुखऱ्या पायावर किती भार टाकतो, हे यंत्राने मोजले. त्या मापनात दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. तपासणाऱ्या डॉक्टरांच्या एकंदर मतात मात्र अर्काच्या बाजूने कौल होता. मालकांचा कौल थोडक्यात हुकला. म्हणजे यंत्र 'नाही' म्हणते, डॉक्टर 'थोडेसे' म्हणतात आणि मालक काठावर. यास गुण येण्याची शक्यता म्हणता येईल, सिद्धता म्हणता येणार नाही.

येथे एक नाजूक गोष्ट सांगावयाची आहे. बनावट औषधाने माणसास बरे वाटते, हे आपण जाणतो. श्वानास तर औषध घेतल्याचे कळतही नाही. पण ते देणाऱ्याला कळते! लंगड्या श्वानांना बनावट औषध दिले असतानाही मालकांना, इतकेच काय पण पशुवैद्यांनाही, सुधारणा दिसते आणि यंत्रावर ती दिसत नाही, हे २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळून आले. प्रेमाला सुधारणा दिसते, कारण प्रेमाला ती पाहावयाची असते. यात हसण्यासारखे काही नाही. पण यात धोका असा की, आपल्याला बरे वाटत असते आणि तो बिचारा दुखणे सोशीत राहतो. आपल्याच परिचयातील एका घरी श्वानास तीन महिने निष्ठेने हळद चालली होती. पायाची सूज हाडाच्या अर्बुदाची निघाली. हळदीने काही बिघडविले नव्हते. तिने फक्त ते तीन महिने नेले. हळदीविषयी आमची मुख्य तक्रार ही एवढीच आहे.

मग हळद घालूच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. निरोगी श्वानाच्या जेवणात अल्प प्रमाणात हळद घातल्याने सहसा अपाय होत नाही. श्वानासाठी शास्त्राने ठरविलेली अशी मात्रा नाही. प्रचलित सल्ल्यांतील खालचे टोक धरावे, म्हणजे पाच किलो वजनामागे दिवसाला पाव लहान चमच्याचा अर्धा भाग, आणि आरंभ त्याहूनही कमी, एका चिमटीने करावा. आठवडाभर शौच पाहावे, भूक पाहावी, मगच पुढे जावे. हळद कोरडी भुरभुरू नये. ती थोड्या तेलात व पाण्यात शिजवून अन्नात मिसळावी. परदेशात 'सोनेरी लेप' या अर्थाच्या नावाने जो प्रकार प्रसिद्ध आहे, तो असाच : अर्धी वाटी हळद वाटीभर पाण्यात मंद आचेवर आठ-दहा मिनिटे आटवायची, निवत आल्यावर पाव वाटीहून थोडे अधिक खोबरेल आणि चमचा-दीड चमचा ताजी मिरपूड घालायची, व शीतकपाटात ठेवून दोन आठवड्यांत संपवायची. आपल्या फोडणीचेच हे भावंड! तेलात विरघळणारे द्रव्य तेलातून द्यावे, ही अक्कल आपल्या सुगरणींना होतीच. मात्र तेलाच्या प्रत्येक चमच्यात चाळीसएक कॅलरी असतात आणि स्निग्धांशाच्या अतिरेकाने श्वानाच्या स्वादुपिंडास सूज येऊ शकते, हे विसरू नये. हळदीचे दूधही नको. पुष्कळ प्रौढ श्वानांना दूध पचत नाही आणि औषध राहते बाजूला, हगवण लागते.

काही श्वानांना मात्र हळद वैद्याच्या संमतीवाचून देऊच नये. पित्ताशयात खडे वा पित्तमार्गात अडथळा असलेला, मूत्रखड्यांचा इतिहास असलेला, रक्त गोठण्याचा विकार असलेला श्वान त्यांत येतो. हळदीत ऑक्झलेट असते आणि खड्यांच्या एका जातीस ते पोषक ठरते. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर ती आधीपासून बंद करावी. जो श्वान वेदनाशामक, मधुमेहाची वा अपस्माराची औषधे घेत आहे, त्याच्या बाबतीत विशेष सावध राहावे. मिरी ज्या युक्तीने कुर्कुमिन शरीरात टिकविते, त्याच युक्तीने ती अन्य औषधांचाही अंमल वाढवू शकते. बाजारातील तीव्र अर्काच्या गोळ्यांबद्दल तर दुप्पट सावधगिरी हवी. अशा गोळ्या घेणाऱ्या माणसांत यकृतदाहाची उदाहरणे इटलीत २०१९ साली आणि पुढे अमेरिकेतही नोंदली गेली आहेत. जे 'नैसर्गिक' ते निरुपद्रवीच, असा निसर्गाने कोणास शब्द दिलेला नाही. धोतराही नैसर्गिकच आहे.

आता कसाचा प्रश्न. हळदीत भेसळ होते ती पिवळेपणासाठी. मेटॅनिल यलो नावाचा रंग त्यात सापडतो, आणि त्याहून घातक म्हणजे लेड क्रोमेट, शिशाचे एक पिवळेजर्द संयुग. बांगलादेशात हळकुंडांना झळाळी आणण्यासाठी ते सर्रास वापरले जात असल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने उघडकीस आणले आणि तेथील शासनाने त्यावर कारवाई केली. शिसे मुलाच्या मेंदूस जसे मारक, तसेच श्वानासही. तेव्हा डोळे दिपविणाऱ्या पिवळ्या झळाळीच्या मोहात पडू नये. ओळखीच्या शेतकऱ्याकडून वा विश्वासू पेठेतून झिलई न केलेली, मळकट दिसणारी हळकुंडे आणावी, धुवावी, वाळवावी आणि दळून घ्यावी. सांगली आणि इरोड दोन्हींशी नाते असलेल्या मंडळींना हे अवघड नसावे. यात श्वानाइतकेच नातवंडांचेही हित आहे.

हळदीची चिंता करताना तिच्या शेजारच्या डब्यांकडे आपले दुर्लक्ष होते, हे आम्हांस अधिक खटकते. उरलेली आमटी, सांबार-भात, रस्सा हे आपण मायेने श्वानापुढे ओततो. त्यातील कांदा आणि लसूण श्वानाच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. कच्चे, शिजविलेले, वाळवून पूड केलेले, सर्व प्रकारचे. द्राक्षे आणि मनुका काही श्वानांची मूत्रपिंडे निकामी करतात, हे वर्षानुवर्षे माहीत होते. कारण उमगत नव्हते. २०२१ साली अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखविले. ते आम्ल चिंचेतही विपुल असते! आपण चिंचेच्या मुलुखात राहतो. रसम आणि सांबार श्वानाच्या पानात पडू न देणे, हे त्यात हळद घालण्यापेक्षा शतपटीने महत्त्वाचे आहे. तसेच आपल्या डोकेदुखीच्या वा अंगदुखीच्या गोळ्या. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन श्वानास प्राणघातक ठरू शकतात. दुखत असेल तर श्वानांसाठीची औषधे आहेत, आणि ती पशुवैद्याने वजन पाहून द्यावयाची असतात.

सांधेदुखीवर घरच्या घरी करता येण्यासारखा, पुराव्याने सिद्ध झालेला उपाय कोणता, असे विचाराल, तर तो डब्यात नाही, मापात आहे. अमेरिकेत अठ्ठेचाळीस लॅब्रेडॉर पिलांच्या चोवीस जोड्या लावून एक दीर्घ अभ्यास झाला. जोडीतील एकास जेवढे अन्न, त्याच्या पाऊणपटच दुसऱ्यास, आणि तेही आयुष्यभर. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : पोटभर खाणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान ११.२ वर्षे, आणि मितभोजनींचे १३ वर्षे. शिवाय मितभोजनींना सांध्यांचा विकार उशिरा जडला. सुमारे दोन वर्षांचे आयुष्य, आणि तेही निरोगी! कोणत्याही हळदीने हे करून दाखविलेले नाही. आपल्या घरचे श्वान बहुधा लठ्ठ असतात, कारण घरातील प्रत्येक जण आपल्या वाटणीचे प्रेम स्वतंत्रपणे खाऊ घालतो. मुले परदेशी गेल्यावर त्यांच्या वाटणीचेही आपणच घालतो. बरगड्यांवरून हात फिरविता त्या सहज जाणवल्या पाहिजेत, एवढी खूण पुरे. त्याच्या जोडीस रोजचे माफक चालणे, निसरड्या फरशीवर एखादी सतरंजी आणि वर्षातून दोनदा तपासणी.

शेवटी एक सूचना, हळदीच्याच संबंधात. कुत्रा चावला की जखमेवर हळद वा तिखट दाबण्याची रीत आपल्याकडे अद्याप आहे. ती सर्वस्वी सोडली पाहिजे. वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पंधरा मिनिटे धुवावी आणि तडक रुग्णालयात जाऊन रेबीजची लस घ्यावी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यातून माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते, आणि आधी वेळेवर लस घेतली तर तो जवळजवळ निश्चित टाळता येतो. घरच्या श्वानासही दर वर्षी लस टोचून घ्यावी. बटव्यास येथे मज्जाव आहे.

तर मंडळी, आमचे सांगणे थोडक्यात असे : घालावयाची तर हळद घाला; चिमटीने घाला, शुद्ध घाला, वैद्यास सांगून घाला. पण तिला औषध समजून निर्धास्त राहू नका. दूरच्या गावी आपण आपली भाषा, आपले सण, आपली फोडणी जपतो, कारण त्यांत आपण असतो. त्या जपण्यात या मुक्या सोबत्यास सामावून घ्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. त्याला मात्र आपल्या परंपरेतील हळदीहून परंपरेतील दुसरी एक गोष्ट अधिक उपयोगाची आहे, आणि ती म्हणजे घरातील वडीलधाऱ्याचे दुखणे वेळीच ओळखून त्यास वैद्याकडे नेण्याची रीत. आता बारा वर्षांचा श्वान म्हणजे आपल्या घरातील वडीलधाराच नाही काय?

 पुढील पन्नास वर्षे मंडळाचा असाच उत्कर्ष होवो, ही खंडेरायाचरणी प्रार्थना.